सुकेशनीची माय

कारखान्याचा हंगाम संपला आणि दैवशाला गावी परतली. टेम्पोतून उतरली ती गाठोडी नवरा नागनाथच्या हवाली करून थेट विहाराकडे सुटली. तिची एकुलती लेक सुकेशनी तिथं शिकवणीला बसलेली असणार, हे तिला ठाऊक होतं.

गंगाखेडजवळच्या त्या गावात धम्मशीलाताई आणि त्यांच्यासारखी चार-पाच नोकरदार माणसं संध्याकाळी विहारात पोरांना फुकट शिकवत. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरींची शाळा सुटू नये म्हणून ताई त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. सातवीतली सुकेशनी यंदा पहिल्यांदाच अशी मागं राहिली होती.

दैवशाला दारात उभी राहिली. पोरीनं वर पाहिलं, हसली आणि म्हणाली, "आलेच माय, एवढं गणित होऊ दे."

मग दैवशाला पायरीवर बसून राहिली. सारा हंगाम तिनं मनात हीच भेट घोळवली होती. पोर धावत येईल, गळ्यात पडेल. त्यात गणित कुठंच नव्हतं.

घरी आल्यावर तर उठताबसता ताईच. ताई म्हणतात पाणी उकळून प्यावं. ताई म्हणतात 'हाय' नाही, 'आहे' म्हणावं. दैवशालानं हौसेनं अंबाडीची भाजी केली, तर पोर म्हणाली, "ताई एवढं तिखट नाही घालत."

दैवशालानं भाजीचं भांडं आपल्याकडं ओढून घेतलं.

"लेकरू शिकायलंय आन् तू जळायलीस व्हय?" नागनाथ हसून म्हणाला.

"मी कशाला जळू?" ती फणकारली. पण जळत होतीच. रस्त्यात ताई दिसल्या की ती पदर सावरून दुसऱ्या बोळात शिरायची. त्या बाईनं आपल्या पोरीचं भलं केलं हे कळत होतं, आणि म्हणूनच राग धड काढताही येत नव्हता.

वैशाखात विहारात कार्यक्रम झाला. ताईंच्या मंडळानं वर्गणी जमवून एका मुलीला शिष्यवृत्ती द्यायचं ठरवलं होतं. परभणीला वसतिगृहात राहायचं, शिकायचं, खर्च मंडळाचा. परीक्षेत सुकेशनी पहिली आली. हार घालून तिला माईकपुढं उभं केलं, तेव्हा ती एका दमात म्हणाली, "हे सगळं ताईंमुळं झालं. ताई मला आईसारख्या आहेत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागं बसलेल्या दैवशालाचे हात मांडीवरून हललेच नाहीत.

घरी येताच तिनं जाहीर केलं, "परभणी-बिरभणी काई न्हाई. पुढल्या हंगामाला माझ्यासंगं येईल. मोळ्या बांधील."

सुकेशनी रडत रडत घराबाहेर पडली, आणि गेली कुठं, तर ताईंकडेच. दैवशालाच्या जखमेवर मीठच पडलं.

सकाळी ताई तिला घेऊन आल्या. पोर आत गेली, ताई ओट्यावरच टेकल्या. दैवशालाला वाटलं, आता ही शिक्षणाचं महत्त्व सांगणार. तिनं तोंड फिरवलं.

"दैवशालाबाई, हिवाळ्यात मी तुमच्यावर लय चिडले होते," ताई म्हणाल्या.

"माझ्यावर? मी तर इथं नव्हतेबी."

"म्हणूनच. पोरीला ताप भरला होता ना, तेव्हा. डॉक्टरकडं नेलं, पट्ट्या ठेवल्या, उशाशी बसून राहिले. आणि ही ग्लानीत आपली 'माय, माय'. मी म्हटलं, बाळा, मी हाय ना. तर माझा हात झटकला. म्हणाली, तुमी न्हाई."

"फोनवर न्हाई सांगितलं हे मला."

"ताप आला, उतरला, एवढंच सांगितलं. बाकीचं जिभेवर आलंच नाही."

तापलेल्या पोरीचं ऐकून दैवशालाचा जीव कळवळायला हवा होता, आणि तिला तर आतून गार गार वाटत होतं. लाज वाटली, तरी विचारल्यावाचून राहवेना.

"लय डाव म्हनली का, 'माय' म्हून?"

"लय डाव."

"आन् हात झटकला तुमचा? जोरात?"

ताईंचे डोळे भरून आले, तरी त्या हसल्या. "जोरात."

दैवशाला उठली आणि चुलीवर चहा ठेवला. दूध जरा जास्तच घातलं.

जूनमध्ये गंगाखेडच्या स्टँडवर परभणीची बस लागली. ताई सुकेशनीची पेटी घेऊन पायरीवर चढणार, इतक्यात दैवशाला म्हणाली, "द्या इकडं. मी नेते तिला. तुमी ऱ्हा."

ताईंनी पेटी दिली आणि बाजूला झाल्या. त्यांचा चेहरा पडला. तो तसा चेहरा दैवशालाच्या चांगला ओळखीचा होता. उन्हाळाभर ती तोच घेऊन वावरली होती. तिला क्षणभर बरं वाटलं, मग बरं वाटेना.

तिनं सुकेशनीला खिडकीशी बसवलं, आपण तिला लागून बसली आणि बाहेर डोकावून ओरडली, "ताई, चढा की! तिथं साहेब लोकांशी मी काय बोलू?"

ताई लगबगीनं आत आल्या. सुकेशनी म्हणाली, "ताई, इथं, माझ्याजवळ बसा."

"तिकडं जागा न्हाई," दैवशाला म्हणाली, आणि आपल्या दुसऱ्या बाजूची, कडेची जागा त्यांना दाखवली.