पोपटीच्या मडक्यात मी गप्प बसलो नाही

मित्रांनो, मी जुना नाही. आपली कहाणी सांगायला अंगावर गंज चढलेला असावा लागतो, असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. मी एक नवाकोरा, बोटाहून थोडा लांब, बिनतारी थर्मामीटर आहे. माझं टोक मांसात खुपसलं की आत किती शिजलंय ते मी फोनवर कळवतो. मला वायर नाही, बटण नाही आणि कुणाचं मन राखायची सवय तर अजिबात नाही.

कारखान्यात मला एकच धडा मिळाला. बर्फात शून्य म्हण, उकळत्या पाण्यात शंभर म्हण आणि मधलं काही लपवू नकोस. मग मला खोक्यात घालून बंद केलं. मुंबईच्या एका पाहुण्यांनी मला कळंबला पाठवलं, कमळाकरकाकांना भेट म्हणून. काकांच्या शेतावर थंडीत शनिवार-रविवार पाहुणे येतात, ते पोपटी खायला. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढ्याचा, काटक्यांचा जाळ करायचा. पोपटी ती हीच.

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "कसली सळई ही? कान कोरायची?" असं म्हणून त्यांनी मला चमच्यांच्या डब्यात टाकलं. माझ्याबद्दलचं हे जगाचं पहिलं मत. मी ते लक्षात ठेवलंय.

मला बाहेर काढलं ते काकांच्या पुतणीने, ऋतिकाने. दहावीत आहे, आवाज खणखणीत. तिने मला भातात खुपसलं, डाळीत खुपसलं. शाळा बुडवण्यासाठी ताप आलाय म्हणून झोपलेल्या धाकट्या भावाच्या, रुद्रच्या काखेतही धरलं. मी खरं तेच सांगितलं. रुद्र त्या दिवशी शाळेत गेला. (नंतर मला कढत पाण्याने धुतलं, काळजी नसावी.)

पण एका शनिवारी पाहुण्यांच्या ताटातली कोंबडी हाडाजवळ लाल निघाली. पाहुण्यांनी नुसतं ताट पुढे सरकवलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणून पुढच्या पोपटीला ऋतिका मला हातात घेऊन मडक्यापाशी उभी राहिली.

"काका, हा कोंबडीच्या मांडीत ठेवू या. मडकं न उघडता कळेल."

"पोपटी वासावर कळते गं. माझ्या बापाकडं कुठला फोन?"

"मग मागल्या शनिवारी वास कुठं गेलेला?"

चुलीपाशी तिची आई खोकली. हसू दाबायची तिची ती रीत आहे.

"ठेव," काका म्हणाले. "पण तुझ्या सळईनं खोळंबा केला तर परत पोपटीजवळ यायचं नाय. आत भाकऱ्या थापायच्या."

मी आत गेलो. काळोख, वाफ आणि ओव्याचा घमघमाट. मडक्याची जाडी आणि बाहेरचा जाळ, यांतून माझं म्हणणं जेमतेम बाहेर पोचत होतं. ऋतिका फोन पुढे धरून धुरात उकिडवी बसली होती. चाळीस. पन्नास. अठ्ठावन्न. आणि फोन गप्प झाला.

"मेली तुझी सळई," रुद्र म्हणाला. फार दिवसांनी तो खूश होता.

काकांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, ही त्यांची जुनी खूण. "झाली. काढा."

ऋतिका मडक्याच्या आडवी उभी राहिली. "शेवटचा आकडा अठ्ठावन्न होता, काका. कोंबडी चौऱ्याहत्तरला शिजते, त्याशिवाय नाय काढायची."

"पाहुणे उपाशी हायत."

"उपाशी परवडले. ताट सरकवलेलं परवडत नाय."

मित्रांनो, मी मेलो नव्हतो. मी आत घसा फोडून ओरडत होतो. ऐकू येत नाही म्हणून खरं बोलायचं थांबवायचं असतं का? ऋतिकाने तोंडाला ओला टॉवेल गुंडाळला आणि ती जाळाच्या अगदी जवळ सरकली. फोन जागा झाला. त्रेसष्ट.

काकांनी पाहुण्यांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मग काटक्यांची मोळी स्वतः उचलून जाळात टाकली. "पाव्हणं, जरा दम धरा." आणि थोड्या वेळाने हळूच, "आता किती गं?" मग परत, "आता?" चौऱ्याहत्तर म्हटल्यावरच त्यांनी जाळ बाजूला सारला.

कोंबडी हाडापर्यंत शिजली होती. पाहुण्यांनी हाडंसुद्धा चोखली. पण कडेच्या शेंगा करपल्या होत्या.

"शेंगा जाळल्यास," काका म्हणाले.

खरं होतं. शेंगांतलं मला काही कळत नाही, आणि कळतं असं मी म्हटलंही नव्हतं.

"पुढल्या टायमाला शेंगा मधे घालू," ऋतिका म्हणाली.

"पुढल्या टायमाला मडकं तूच भर."

"आणि भाकऱ्या?"

"रुद्र हाय की."

माझं पांढरं टोक आता धुराने काळं झालंय. घासून जाईल असं वाटत नाही, आणि मला त्याची लाजही नाही. तेव्हा मित्रांनो, मला पुसून कोरडा ठेवा, वेळेवर चार्ज करा, एवढं पुरे. पण मी सांगितलेला आकडा आवडला नाही म्हणून मला चमच्यांच्या डब्यात टाकू नका. दोन काटक्या आणखी लावा आणि थांबा.