पहिला आकडा

नकोसा आकडा आला की यंत्र बिघडलेलं असतं आणि हवासा आला की तेच यंत्र ब्रह्मवाक्य बोलतं, हा आपल्या सगळ्यांचा जुना खाक्या आहे. वजनकाट्याने जास्त दाखवलं की आपण चपला काढतो, खिसे रिकामे करतो आणि पुन्हा चढतो. कमी दाखवलं म्हणून कुणी चपला घालून परत चढल्याचं ऐकिवात नाही! घरच्या काट्यावर हा पोरखेळ खपून जातो. पण हाच खेळ कुणी दुसऱ्याच्या डोळ्यांशी खेळू लागलं तर? आणि वर त्याला संशोधन म्हणू लागलं तर?

एका मोठ्या नेत्ररुग्णालयात असा एक विभाग होता. विभागप्रमुख साहेब नावाजलेले डॉक्टर. त्यांच्या खोलीच्या भिंतींवर सन्मानचिन्हं इतकी, की नवा खिळा ठोकायला जागा नव्हती. त्यांचा विषय होता डोळ्याच्या आतली सूज. ती उतरवायला स्टिरॉइडचे थेंब द्यावे लागतात, पण काही जणांच्या डोळ्यातला दाब त्या थेंबांनीच वाढतो. दाब वाढला की नजरेची शीर हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! आपल्या पद्धतीने हे थेंब कितीही महिने दिले तरी दाब वाढत नाही, असा साहेबांचा दावा होता. हा दावा ते एका मोठ्या परिषदेत मांडणार होते.

आणि खरोखरच त्यांच्या विभागात दाब वाढत नसे. वाढेल कसा? वाढलेला दिसला की रुग्णाला बाहेरच्या बाकावर बसवत. "घाबरलात तुम्ही. शांत बसा, लांब श्वास घ्या." मग पुन्हा मोजत. तरी जास्त आला, तर पुन्हा बाक. यंत्र डोळ्याला वारंवार टेकवलं की दाब तेवढ्यापुरता थोडा उतरतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यात कमी येईल तो आकडा कागदावर चढे, बाकीचे हवेत विरून जात. आणि यात कुणाला लबाडी वाटत नव्हती, हे विशेष! त्यापेक्षा चोर परवडला. आपण चोरी करतोय हे त्याला ठाऊक तरी असतं.

मोजण्याचं काम एका तरुण डॉक्टरणीकडे होतं. मुलगी हुशार, पण तिची सगळी हुशारी "हो सर, हो सर" म्हणण्यात खर्ची पडत होती. माघारी सगळे तिला 'होसर'च म्हणत.

या अभ्यासातल्या रुग्णांत साहेबांची थोरली बहीणही होती. निवृत्त गणिताच्या बाई, सगळ्यांच्या ताई. आईच्या माघारी त्यांनीच भावाला वाढवलं होतं. त्यांचा डावा डोळा सुजला तेव्हा भावाने थेंब सुरू केले आणि लगोलग त्यांचं नाव अभ्यासात घातलं. घरचाच डोळा, आयता मिळाला!

डोळ्याची लाली गेली. पण ताई येता-जाता दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटू लागल्या. डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला कोपराने लवंडू लागला. "ताई, वय झालं आता," म्हणून भाऊ हसायचा. डोळ्यांच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरला बहिणीचं वय दिसलं, डोळा दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवशी सकाळीही पेला लवंडला होता. ताई जरा घुश्शातच तपासणीला गेल्या. होसरने दाब मोजला आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, जरा बाहेर बसा ना. घाबरलात तुम्ही."

"मी? अगं, जन्मभर टारगट पोरांना भूमिती शिकवली मी. मी कशाला घाबरते?"

"तसं नाही... नेहमी बसता ना, तसंच."

आजवर ताई निमूट बसत आल्या होत्या. आज त्या जागच्या हलल्या नाहीत.

"किती आला आकडा?"

"बत्तीस."

"आणि हवा किती?"

"एकवीसच्या आत."

"माझ्या आधीचे गृहस्थ तर लगेच सुटले. त्यांना नाही बसवलंस?"

"त्यांचा चांगला आला. चांगल्याचं पुन्हा काय मोजायचं?"

ताईंनी तिचं मनगट धरून तिला थेट भावाच्या खोलीत नेलं. साहेब परिषदेचं भाषण घोटत बसले होते.

"ताई, तू? बस, चहा सांगतो."

"बसायचं नाव काढू नकोस, बसून बसून विटले मी. मला एक सांग. मी वर्गातल्या नापासांचीच फेरपरीक्षा घेतली, पास होईपर्यंत घेतली आणि पासांना हातही लावला नाही. मग गावभर सांगत सुटले, की माझ्या वर्गात कुणी नापासच होत नाही. काय म्हणशील मला?"

साहेब हसले. "ताई, डोळ्याचा दाब म्हणजे शाळेची परीक्षा नव्हे. माणूस घाबरतो, श्वास रोखतो, आकडा चुकतो."

"चुकतो ना? मान्य. पण मग वरच्याच बाजूला चुकतो? खालच्या बाजूला कधीच नाही?"

साहेबांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"पुन्हा मोजायला माझी ना नाही. पण मोजायचं तर सगळ्यांचं मोज आणि येईल तो प्रत्येक आकडा लिही. नावडत्याची उलटतपासणी आणि आवडत्याला पायघड्या, याला संशोधन म्हणतोस? लहानपणीही तू आधी मागच्या पानावरचं उत्तर बघायचास आणि मग गणित जुळवायचास. एवढा मोठा झालास, पण खोड गेली नाही!"

"ताई, तुला यातलं काही..."

"सर," होसर मध्येच बोलली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'सर'च्या आधी 'हो' आलं नव्हतं. "ताईंचा पहिला आकडा दर खेपेला तिशीच्या वरच येतो. मी लिहिला नाही. आपण लिहीतच नाही."

साहेब उठले. ताईंना यंत्रासमोर बसवून त्यांनी डोळ्यात खोलवर पाहिलं. नजरेची शीर पोखरलेली! फिकट पडलेली! ती चौकट, तो खांदा, तो लवंडलेला पेला! अरे, वय नव्हतं ते!

"ताई, ही गेलेली नजर आता परत..."

"नाही येणार. माहीत आहे. तूच सांगत असतोस ना आल्यागेल्याला." ताईंनी हनुवटी यंत्रावरून उचलली. "मी तुझी बहीण, म्हणून आज तू आत डोकावून पाहिलंस. त्या बाकावर बसतात त्यांची बहीण-भावंडं कुठून आणायची रे?"

साहेबांकडे लाज शिल्लक होती, एवढं त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. काही सहकाऱ्यांनी "प्रकृतीचं कारण सांगा, मोकळे व्हा" असा शहाणा सल्ला दिला. तो झिडकारून त्यांनी परिषदेला कळवलं, की आमचे आकडे विश्वासाचे नाहीत, भाषण रद्द करा. सगळ्या रुग्णांना परत बोलावलं. कित्येकांचा दाब वाढलेला निघाला. काहींची नजर वेळेत वाचली, काहींची नाही. तेव्हापासून पहिला आकडा शाईने लिहिला जातो आणि दुसऱ्यांदा मोजायचं झालं तर सगळ्यांचंच मोजलं जातं.

ताईंचं औषध बदललं. पुढच्या तपासणीला दाब साहेबांनी स्वतः मोजला आणि ते लहान मुलासारखे ओरडले, "सोळा! ताई, सोळा!"

ताई उठल्या आणि डाव्या हाताने चौकट चाचपत दाराकडे निघाल्या.

"अगं, चाललीस कुठे? उत्तम आलाय आकडा!"

"म्हणूनच. बाहेर बाकावर बसते. बोलाव पुन्हा मोजायला."

साहेबांनी मुकाट्याने सोळा लिहिला, आणि थोड्या वेळाने बहिणीला पुन्हा आत बोलावलं.

मंडळी, नावडतं उत्तर तपासायला आपण सगळेच तत्पर असतो, त्यात कसली आली मर्दुमकी? आवडतं उत्तरही तितक्याच कठोरपणे तपासतो तो खरा शोधक. ज्याला ते जमत नाही, त्याने कुणाच्या डोळ्याला हात लावू नये. त्याने खुशाल घरी बसावं आणि वजनकाट्यासमोर चपला काढत राहावं!