बिनअळीचा फुलपाखरू मार्ग

गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातली कपाशी आतून पोखरली, त्या साली भीमराज कृषी सहायकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी गावोगाव एकच गोष्ट सांगितली होती, अळी दिसली की मारा. त्यांची मुलगी ममता यवतमाळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिनं समता कॉलनीतल्या बारा घरांचा मिळून फुलपाखरू मार्ग करायचं काढलं, तेव्हा झाडापानांतला जाणता माणूस म्हणून अध्यक्षपद बिनविरोध भीमराजांकडे आलं.

कल्पना सोपी होती. प्रत्येकानं कुंपणाला इथलीच झाडं लावायची, रुई, तरोटा, कडीपत्ता, लिंबू. एका अंगणातून उठलेलं फुलपाखरू किंवा मधमाशी पुढच्या अंगणात उतरेल, मार्ग कुठं तुटणार नाही. झाडं लागली. झाडांच्या आधी पाट्या लागल्या. मग पानांवर अळ्या दिसल्या आणि कॉलनीचं धाबं दणाणलं.

तातडीची सभा भरली. भीमराजांच्या समोरच्या घरातले फुलचंद बियाणं-औषधाचं दुकान चालवत. ते म्हणाले, "जिनं वावरंच्या वावरं खाल्ली, तिले आता आपण घरात बोलवून राह्यलो का?"

"काका, ही बोंडअळी नाही," ममता म्हणाली. "हिचंच फुलपाखरू होते."

"होऊ दे ना. फुलपाखराले आपला विरोध नाही. अळीले हाय."

हे सगळ्यांना पटलं. भीमराजांनी सुवाच्य अक्षरात नियम चार लिहिला : ज्यांच्या अंगणात अळी आढळेल त्यांनी ती चोवीस तासांत नष्ट करावी. नोटिशीचे छापील कागद आले, अध्यक्षांनी त्यांवर आगाऊ सह्या करून ठेवल्या. फुलचंदांनी दुकानातून औषध दिलं, सेवाभावानं, छापील किमतीत.

पंधरा दिवसांत अळ्या गेल्या. मधमाश्याही गेल्या. समितीच्या वहीत नोंद झाली, 'मार्ग पूर्ण. फुलपाखरांची प्रतीक्षा.'

शेवटच्या घरातल्या अमिनाबींनी मात्र फवारा दाराबाहेरूनच परत पाठवला. त्या गाद्या भरायच्या आणि दोन बकऱ्या पाळायच्या. नोटीस घेऊन भीमराज स्वतः गेले.

"वाचून दाखवा," अमिनाबी म्हणाल्या. त्यांनी वाचली. "झालं? बसा आता, भाऊ. माह्या बकऱ्या त्या पाल्याले तोंड लावते. जहर कायले मारू?"

"अमिनाबी, मार्गाचा प्रश्न हाय. फुलपाखरं आली पाहिजेत."

"मंग फुलपाखरू का आसमानातून टपकते?"

त्यांनी रुईचं एक पान उलटून दाखवलं. खाली हिरवा कोष लटकत होता, सोनेरी ठिपक्यांचा. भीमराज वाकून पाहत राहिले. तीस वर्षांत अळीच्या पुढचं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, मध्येच औषध यायचं.

फेरतपासणीच्या नावाखाली ते रोज सकाळी येऊ लागले. पाचव्या दिवशी कोष फुटला. चुरगळलेल्या ओल्या पंखांचं केशरी फुलपाखरू बाहेर आलं आणि कोषालाच लटकून पंख वाळवत राहिलं. भीमराजांच्या हातातला चहा गार झाला. किती मारल्या असतील आपण, असं त्यांच्या मनात आलं, आणि कपाशीवरची वेगळी, ही वेगळी, असं स्वतःला समजावूनही त्यांचं मन हलकं झालं नाही.

"चार-पाच अळ्या मले द्या," ते हळूच म्हणाले.

"अगोदर नोटीस वापस घ्या."

नोटीस खिशात आणि अळ्या डब्यात घालून अध्यक्ष घरी आले. पाण्याच्या टाकीमागच्या रुईवर त्यांनी त्या सोडल्या. सकाळ-संध्याकाळ टाकीमागे वाकणारे अध्यक्ष समोरच्या घरातून दिसत होते. तिसऱ्या दिवशी फुलचंद तपासणीला आले, थेट टाकीमागे गेले, आणि अर्ध्या तासात भीमराजांच्या हातात नोटीस पडली. खाली त्यांचीच सही होती.

पुन्हा सभा. "नियम मी लिहिला आणि चुकीचा लिहिला," भीमराज उभे राहून म्हणाले. "अळीच मारली त फुलपाखरू कुठून येईन? लेकरू नको अन् माणूस पाहिजे, असं होते काय?"

मग दीड तास चर्चा झाली आणि दुरुस्ती मंजूर झाली. अळ्या फक्त अध्यक्षांच्या आणि अमिनाबींच्या अंगणात राहतील, फुलपाखरं सर्वांची असतील. फवारे बंद झाले, कारण दुसऱ्यांच्या अंगणात मारायला काही उरलंच नाही.

दिवाळीपर्यंत केशरी फुलपाखरं बाराही कुंपणांवरून फिरू लागली. फुलचंदांनी एकाचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्या अंगणातील'. ममता चिडली. भीमराजांनी फक्त अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलचंदांची बायको हंसाबाई पदराखाली डबा लपवून आली.

"भाऊजी, दोन अळ्या द्या ना," ती म्हणाली. "न्हाणीमागं ठेवतो. पण आमच्या ह्यायले सांगू नका."

भीमराजांनी मोजून सात दिल्या.