नमुना अशुद्ध आहे

चित्र पडद्याच्या बरोबर मधोमध यावं, एवढाच माझा हट्ट होता. गुरुवारी मुलाखत होती, कायमच्या जागेची, आणि सोमवारी दुपारी मी भाषणातली चित्रं नटवत बसले होते. वय एकोणचाळीस. आमच्या धंद्यात चाळिशीनंतर कायमची जागा मागायला गेलं की लोक प्रेमाने चहा पाजतात आणि दारापर्यंत सोडायला येतात. ही शेवटची संधी आहे हे मला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं आणि अकरा वर्षांच्या लेकीलाही ठाऊक होतं. नऊ वर्षांत तीन गावं झाली, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. या वेळी तर लेकीने एक खोकं उघडलंच नाही. त्यावर जाड पेनाने लिहून ठेवलंय, ‘आईचं पक्कं झाल्यावर’. ते तिच्या पलंगाखाली आहे आणि केर काढताना माझा झाडू रोज त्याला आपटतो.

मी काय करते ते सांगते, घाबरू नका. माझ्या कामात ना दुर्बीण ना काचेच्या नळ्या. कागद, पेन आणि तळघरातला एक मोठा संगणक, बस. मी ज्या पदार्थाच्या मागे लागले आहे तो हिरवट काळा स्फटिक आहे. त्यातल्या प्रत्येक अणूजवळ एक इवलंसं लोहचुंबक आहे असं समजा. साधा पदार्थ गार केला की असली चुंबकं मुकाट रांगेत उभी राहतात. या स्फटिकात ती तिघातिघांच्या त्रिकोणात बसलेली आहेत. दोघांचं जमलं की तिसरा रुसतो, त्यामुळे कितीही गार करा, चुळबुळ संपत नाही. माझी न् त्यांची जोडी तशी चांगली जमली.

तीन वर्षांपूर्वी मी गणित करून लिहिलं की ही चुळबुळ आतल्या आत इतकी गुंतलेली आहे, की बाहेरून एक ठरावीक धक्का दिल्याशिवाय तिच्यात काहीही नवं हलणार नाही. त्या किमान धक्क्याला आम्ही फट म्हणतो. लेख गाजला. मुलाखतीचं बोलावणं आलं ते त्या फटीच्या जिवावर.

पडताळा सोपा होता. फट असेल तर अतिशय गार केलेला स्फटिक थोडीशी उष्णता दिली तरी ती घेणार नाही. आमच्या इमारतीत स्फटिक तयार झाले, मापनवाल्यांनी ते गार केले आणि उष्णता दिली. स्फटिकाने ती आनंदाने घेतली. पुन्हा दिली, पुन्हा घेतली. चौदा महिने हेच चाललं होतं. आणि दर वेळी मी एकच वाक्य लिहून पाठवत होते, ‘नमुना अशुद्ध आहे’. नको ते अणू आत शिरले की उष्णता मुरते, हे खरंच आहे. त्यामुळे ते वाक्य कुणीही खोडू शकत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला येत होती, पण ती दुसऱ्यांसाठी आहे असं मी धरून चालले होते.

हे स्फटिक बनवायचे भट्टीमास्तर. अठ्ठावन्न वर्षांचा बारका माणूस, भुवया निम्म्या जळालेल्या. पूड दळायची, काचेच्या नळीत बंद करायची, भट्टीत ठेवायची, मग तासाला एकेक अंशाने तीन आठवडे गार करत आणायची, असं त्यांचं काम. आम्हा गणितवाल्यांना ते कागदवाले म्हणायचे. ‘कागदवाल्यांचं बरं असतं,’ असं ते पहिल्याच भेटीत मला म्हणाले होते, ‘तुमचा पदार्थ कधी नळीला चिकटत नाही.’ एकोणीस वेळा त्यांनी माझा पदार्थ बनवला. एकोणीस वेळा मी तो अशुद्ध ठरवला. मग ते तो खलात कुटायचे आणि त्याच पुडीतून पुन्हा सुरुवात करायचे.

तर त्या सोमवारी चित्र मधोमध यावं म्हणून मी हट्टाला पेटले होते. अडचण अशी की संगणकाला अख्खा पदार्थ झेपत नाही, त्याला छोटे चौकोनी तुकडे द्यावे लागतात. चार बाय चार, आठ बाय आठ, सोळा, बत्तीस. दुपटीचे आकडे त्याला पचतात, हिशेब झटपट उरकतो, म्हणून आम्ही सगळे तेच वापरतो. का, असं कुणी विचारत नाही. आकार वाढवला की फट थोडी थोडी लहान होत होती, पण मी चार ठिपक्यांतून एक रेष ओढली होती आणि ती रेष शून्याच्या जराशी वर थांबली होती. त्या ‘जराशी’वर माझं सगळं बिऱ्हाड उभं होतं. पण सोळाच्या तुकड्याला मधला अणू नसतो. चित्र एका बाजूला कललेलं दिसायचं, ते माझ्या डोळ्यांत खुपलं. म्हणून मी पंधरा बाय पंधराचा तुकडा घेतला. निव्वळ देखणेपणासाठी.

संगणकाने उत्तर दिलं, फट शून्य.

मी आधी हसले. मग नऊचा तुकडा घेतला, एकवीसचा घेतला, सत्तावीसचा घेतला. शून्य, शून्य, शून्य. फणीचे दात उवेच्या दोन्ही बाजूंनी जावेत आणि आपण खुशाल म्हणावं, डोकं स्वच्छ आहे, तशी माझी तीन वर्षं गेली होती. जिथे फट मिटते ती जागा दुपटीचे आकडे नेमके चुकवत होते. तिनाने भाग जाणारा आकडा घेतला की ती जागा पहिल्या झटक्याला सापडत होती. म्हणजे स्फटिक चौदा महिने खरं बोलत होता. खोटं मी बोलत होते.

घरी गेले तर हातात काही टिकेना. भाजी चिरायला घेतली, ती अर्धी टाकून कपडे घडी करायला गेले, तेही अर्धे टाकून खिडकीशी उभी राहिले. नवरा नकाशे काढण्याचं काम घरूनच करतो. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“काय झालं? पायात भिंगरी बांधलीय का?”

मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मग गुरुवारनंतर सांग ना. चार दिवसांनी काय बिघडतंय?”

“आणि मुलाखतीत काय बोलू?”

“जे लिहिलंयस तेच. तू मुद्दाम थोडीच केलंस? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“उघडली की?”

“उघडशील तेव्हा आपण पक्के असू,” तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. मला त्याचा राग आला. राग यायचं कारण एवढंच की तो जे बोलला ते मी येताना रस्ताभर स्वतःला ऐकवत आले होते.

मंगळवार कसा गेला ते सांगत नाही. सगळं गणित हाताने पुन्हा केलं आणि चूक कुठेतरी दुसरीकडे सापडावी म्हणून देवाला विनवत राहिले. चूक जागची हलली नाही.

बुधवारी सकाळी पाय आपोआप भट्टीच्या खोलीकडे वळले. मास्तर कपाट आवरत होते. नळ्या, चिमटे, जाड हातमोजे सगळं टेबलावर काढून ठेवलेलं. भट्टीच्या दारावर माझा सगळ्यात पहिला निरोप छापून चिकटवलेला होता. ‘नमुना अशुद्ध आहे.’ कडा उष्णतेने तपकिरी झाल्या होत्या.

“आवराआवर कसली, मास्तर?”

“सोमवारपासून गोदामात,” ते म्हणाले. “आदेश निघालाय. चौदा महिन्यांत एक शुद्ध नमुना नाही, मग भट्टी दुसऱ्याला देतील नाहीतर काय? बरोबरच आहे.”

“गोदामात काय करणार?”

“खोकी मोजायची. दोन वर्षं राहिलीत, निघून जातील.” मग आवाज उतरवून म्हणाले, “बाई, विसावा नमुना लावलाय. शुक्रवारी निघेल. या वेळी नळी नवी, खल नवा, हातसुद्धा तीनतीनदा धुतलेत. मला वाटतं, माझ्या हातातच काहीतरी आहे. बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.”

त्यांनी हात पुढे करून दाखवले. कामाने फाटलेले, ठिकठिकाणी भाजलेले, घासून घासून पांढरे पडलेले हात होते ते. तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आला होता आणि मी म्हणाले, “उद्या माझं भाषण आहे, मास्तर. निघते, तयारी राहिलीय.” असं म्हणून चक्क पळाले. मी किती भित्री आहे ते मला त्या जिन्यावर कळलं.

गुरुवारी सभागृहात समितीचे पाच जण पहिल्या रांगेत. मागे विभागातले लोक. मी पंधराचं चित्र काढून टाकून जुनं, कललेलं सोळाचं चित्र लावलं होतं. म्हणजे पाहा, निर्णय झाला होता. भाषण सुरू केलं आणि शेवटच्या रांगेत भट्टीमास्तर दिसले, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. ते कागदवाल्यांच्या भाषणाला कधी येत नसत. आपल्या स्फटिकांचा फोटो पडद्यावर येणार हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. फोटो आला तेव्हा ते किंचित पुढे वाकले.

भाषण छान झालं. माझी भाषणं छानच होतात. मग समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी साधा प्रश्न विचारला, सरावाचा, मदत केल्यासारखा.

“पण प्रयोगात ही फट दिसत नाही. त्याचं काय?”

उत्तर माझ्या जिभेवर चौदा महिने बसलेलं होतं. तीन शब्दांचं. मी मागे पाहिलं. मास्तरांनी मान आधीच खाली घातली होती. वर्गात आपल्याला ओरडा पडणार हे ठाऊक असलेलं पोर घालतं ना, तशी.

“नमुना शुद्ध आहे,” मी म्हणाले. “पहिल्यापासून शुद्ध होता. चूक माझी आहे.”

मग खडू घेतला आणि फळ्यावर पंधराचा आकडा लिहिला. दहा मिनिटं बोलले. या वेळी गणित बरोबर होतं. समितीचे अध्यक्ष शेवटी मऊ आवाजात म्हणाले, “मग तुमच्या लेखातलं उरतं काय?”

“स्फटिक,” मी म्हणाले. “ते या इमारतीत बनलेत, आणि जगात इतके शुद्ध कुणाकडे नसतील.”

सगळे मागे वळून पाहू लागले. खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना अतिशय आदर वाटला, असं ते दोनदा म्हणाले. जागा दुसऱ्याला गेली होती. नवऱ्याने माझ्यापुढे ताट ठेवलं. लेकीने विचारलं, “मग खोकं?”

“राहू दे,” मी म्हणाले. तिने मान हलवली आणि गृहपाठाला बसली. मी रडले ते त्या मान हलवण्यामुळे. तिला त्याची किती सवय झाली होती.

शुक्रवारी भट्टीच्या खोलीत गेले. विसावा स्फटिक टेबलावर कापसात ठेवलेला होता, नखाएवढा, चकचकीत. मास्तर स्टुलावर बसले होते. काल सांगायला हवं तिथे सांगितलंत, आभार, असं काहीतरी ते म्हणतील असा माझा समज होता. माणूस किती स्वतःत असतो पाहा.

“एकोणीसही शुद्ध होते?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

“मी कुटले ते.” त्यांनी रिकाम्या खलात बोट फिरवलं. “बुधवारी आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

खोटं बोलायची सवय मोडायची तर पूर्णच मोडावी. “हो,” मी म्हणाले. “मास्तर, मी विभागप्रमुखांना पत्र दिलंय. बदली रद्द करा म्हणून.”

“ते बघितलं. त्यांनी सकाळी बोलावलं होतं. म्हणतात, आदेश निघाला तेव्हा शुद्ध नमुना असल्याची कागदावर नोंद नव्हती. नियमाने बरोबर निघालाय, आता मागे घेता येत नाही.”

ते उठले, भट्टीच्या दारावरचा कागद अलगद सोडवला आणि उलटा करून माझ्यापुढे ठेवला. खिशातलं पेन काढून दिलं.

“इथे लिहा. काल बोललात ते.”

मी लिहिलं, ‘नमुना शुद्ध आहे’. खाली सही केली. तारखेपाशी येताच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. खरखरीत आणि गरम.

“चौदा महिन्यांपूर्वीची घालता येईल का हो, बाई?”

त्यांनी हे अगदी सहज विचारलं, भट्टीचं तापमान विचारावं तसं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

मी आजची तारीख घातली. त्यांनी कागद उचलला, वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि हातमोजे खोक्यात भरू लागले.