चाळीस जणांच्या वतीने

मित्रांनो, पंखेदुरुस्तीच्या दुकानात वरच्या फळीवर, तारांच्या भेंडोळ्याशेजारी एक करडी पेटी दिसते ना, तो मी. एक जुना संगणक. आता मला कुणी चालू करत नाही. पण एके काळी चाळीस माणसांचा भरवसा माझ्यावर होता.

दुकान ज्यांचं, त्यांना सगळे मावशी म्हणतात. मावशींनी मोडीतले दोन संगणक उघडून त्यातून मला जुळवलं आणि एका नाण्यांच्या जाळ्याला जोडलं. ही नाणी हातात धरता येत नाहीत. ठिकठिकाणचे हजारो संगणक मिळून त्यांच्या देवघेवीची एकच वही राखतात. नोंद खरी असल्याची साक्ष द्यायची, तर आधी नाणी अनामत ठेवावी लागतात. खरं बोललं की थोडं मानधन. खोटं बोललं की अनामत कापली जाते. मावशींजवळ नाणी थोडीच होती. म्हणून बेकरीवाले काका, वाचनालयातल्या बाई अशा चाळीस जणांनी आपली नाणी माझ्यामागे उभी केली.

सहा वर्षं मी इमानेइतबारे साक्ष दिली. एकदा धुळीने गुदमरून तासभर बंद पडलो. मावशींनी गैरहजेरीचा दंड स्वतःच्या वाट्यातून भरला आणि दातांच्या जुन्या ब्रशने मला साफ केलं. "दमलास होय रे," एवढंच म्हणाल्या.

मग जाळ्यात एक ठराव आला: किमान अनामत दसपट करा. म्हणजे आमच्यासारखे छोटे बाहेर आणि वही मोजक्या बड्यांच्या हाती. ज्याच्यामागे जितकी नाणी, तितकं त्याचं मत जड. अशाच एका बड्याचा मावशींना फोन आला. ठरावाच्या बाजूने मत द्या, तुमची माणसं आमच्याकडे वळवा, दरमहा वाटा देऊ. त्या महिन्यात दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

"माझ्या लोकांना विचारून सांगते," मावशी म्हणाल्या.

त्यांनी चाळीसही जणांना एकेक करून बोलावलं. काका म्हणाले, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच ठरवा."

"बसा काका. पुन्हा सांगते. नाणी तुमची आहेत."

तिसऱ्या खेपेला काका थबकले. "म्हणजे वही राखणारे चारच उरले, तर त्यांच्यावर नजर कोण ठेवणार?"

"तेच तर."

छत्तीस जण नको म्हणाले. चौघांना ठराव हवा होता. त्या चौघांना आपलं मत वेगळं कसं द्यायचं, ते मावशींनीच शेजारी बसून शिकवलं. मग माझ्यातून विरोधाचं मत गेलं. ठराव अगदी थोड्या मतांनी पडला.

पुढे काम वाढलं. माझी साक्ष उशिरा पोहोचू लागली. मावशींनी नवा संगणक आणला. दोघांनी एकाच किल्लीने, म्हणजे एकाच गुप्त सहीने, साक्ष दिली, तर सगळ्यांची अनामत कापली जाते. म्हणून आधी मला गप्प करणं भाग होतं. मावशींनी बटणावर बोट ठेवलं, पण दाबेनात.

"जुना झालाय तो," काका हळूच म्हणाले.

"झालाय. पण एकदाही खोटं बोलला नाही."

मग त्यांनी बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. नवा संगणक माझ्याहून चपळ आहे. मागणं एवढंच, की तुमच्या वतीने जे यंत्र बोलतं, त्याच्याकडे अधूनमधून बघत जा. ठराव आला, की तो वाचा, नाही कळला तर विचारा. आम्ही यंत्रं फार तर खरं सांगू. बरं काय, ते तुम्हालाच ठरवावं लागेल.