आमच्यात नसतो नाताळ

डिसेंबर लागला की आष्टीच्या त्या गल्लीत बेबीनंदाबाईचं घर चांदणीवरून ओळखू यायचं. कामट्या बांधून, रंगीत कागद चिकटवून केलेली ती चांदणी आधी तिचा नवरा पत्र्यावर चढवायचा. तो गेल्यावर मुलगा भारत चढवू लागला. नाताळच्या सकाळी नवे कपडे घालून नातवंडं तयार झाली की बेबीनंदाबाई त्यांना शेळीच्या दावणीपाशी बसवायची आणि गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची गोष्ट सांगायची. गोष्ट चालू असताना शेळी ओरडायची आणि पोरं खिदळायची. सहा वर्षांची कृपा दरवर्षी विचारायची, "आजी, बाळाला शेळीनं चाटलं असंल का गं?" चार वर्षांच्या शानूला तेवढ्यात करंजी हवी असायची. पण करंज्या-शेवेचं पहिलं ताट शेजारच्या अकबरबीकडं जायचं, मगच घरातल्यांनी तोंड गोड करायचं. अकबरबीकडून ईदला शीरखुर्मा यायचा, तसंच हे.

त्या वर्षी मात्र जानेवारीत सरपंचाची निवडणूक होती आणि जागा अनुसूचित जातीसाठी राखीव निघाली. गावातलं बडं प्रस्थ असलेल्या अण्णासाहेबांना स्वतःला उभं राहता येईना, म्हणून त्यांनी भारतला उभं केलं. भारत त्यांच्या दुकानावर कामाला, सांगितलं तेवढं ऐकणारा. घराणं तीन पिढ्या प्रभू येशूला मानणारं असलं तरी जातीच्या दाखल्यावर सगळे हिंदूच होते. दाखला बदलला की सवलत जाते, हे ठाऊक असल्यानं कुणी तो बदलायच्या फंदात पडलं नव्हतं. गावालाही हे माहीत होतं, आणि आजवर कुणाचं त्यानं काही अडलं नव्हतं.

"यंदा चांदणी नको, बाई," भारत आईला म्हणाला. "समोरची पार्टी टपून बसलीय. एक फोटो निघाला की कोर्टात जातील."

"घरातल्या घरात तर करू?"

"पोरं बाहेर बोलतात." बायकोकडं बघत तो म्हणाला, "प्रीती, लेकरांना नीट समजावून सांग."

प्रीतीनं मान हलवली. दोन-चार दिवस ती पोरांना जेवताना पढवत होती, आणि बेबीनंदाबाई चुलीपाशी पाठ करून बसून ऐकत होती. तिनं विरोध केला नाही. मुलगा सरपंच होणार, गल्लीत आपल्याशी लोक वाकून बोलणार, हे तिलाही मनातून गोड वाटत होतंच.

नाताळच्या दिवशी पोरं रोजच्याच कपड्यांत होती. करंज्या केल्या नव्हत्या. सकाळीच दारात मोटरसायकली थांबल्या आणि समोरच्या पार्टीची माणसं उतरली. त्यातल्या हरिओमनं मोबाइल उभा धरला होता.

"काय भारतभाऊ, सणाचा फराळ खायला आलो," तो हसत म्हणाला.

"कसला सण?" भारत उठून उभा राहिला. "प्रचाराला निघून राह्यलो मी."

तेवढ्यात शेजारून अकबरबी आली. यंदा ताट आलं नाही म्हणजे बेबी आजारी असेल, असं तिला वाटलं होतं. हातात झाकलेलं पातेलं होतं.

"क्या गे बेबी, तबियत बराबर है ना? बच्च्यांसाठी खीर आणली. आज तुमचा बडा दिन—"

"चाची, घर चुकलात तुम्ही!" भारत खेकसला.

अकबरबी जागीच थांबली. तिनं भारतकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं, मग बेबीनंदाबाईकडं. बेबीनंदाबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

"हौ बाबा," अकबरबी सावकाश म्हणाली. "बुढी झाले. चुकले." आणि पातेलं तसंच घेऊन माघारी वळली.

हरिओम खाली वाकला. "काय गं कृपा, आज नाताळ ना तुमचा?"

कृपा जराही अडखळली नाही. "न्हाई. आमच्यात नसतो नाताळ. ते दुसऱ्या लोकांचं असतं."

माणसं गेल्यावर भारतनं तिला उचलून घेतलं, गालाचा मुका घेतला. "वाघीण हाय माझी!" प्रीतीही हसली. शानूनं तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, त्यालाही शाबासकी मिळाली. बेबीनंदाबाई निवडलेल्या तांदळातच खडे हुडकत बसली.

दुपारी ती अकबरबीकडं गेली. अकबरबी दारातच बसली होती, पण नेहमीसारखी सरकून जागा दिली नाही.

"अकबरबी, पोराचं काम होतं म्हणून—"

"समजले ना मी. म्हणून तर चुकले म्हणाले." ती उठली. "पण बेबी, तू तरी वर बघायचं होतं."

भारत निवडून आला. गुलाल उधळला, मिरवणूक निघाली. ग्रामपंचायतीत खुर्चीवर भारत बसायचा आणि अण्णासाहेब बोट ठेवतील तिथं सही करायचा. ईदला शेजारून शीरखुर्मा आला नाही.

पुढच्या नाताळाला बेबीनंदाबाईनं इस्त्रीचं लुगडं नेसून कृपाला हाक मारली. "चल, जालन्याला चर्चला जाऊ. शानूला पण घे."

"मी न्हाई येणार," कृपा म्हणाली. "पप्पा सरपंच हाईत. तू पण कुणाला सांगू नको कुठं चालली ते."

ती एकटीच एसटीत बसली. चर्च पोरांनी भरलं होतं. उपासना संपल्यावर पाळकबाईंनी तिला ओळखलं आणि चर्चमधल्या रिवाजानं सलाम केला.

"सलाम, बेबीनंदाबाई! किती दिवसांनी! नातवंडं कुठंयत?"

"ताप आला दोघांना," ती म्हणाली.

"अरेरे, सणाच्या दिवशी!" पाळकबाईंनी तिथंच तिचे हात हातात घेतले, डोळे मिटले आणि कृपा-शानूचा ताप उतरावा म्हणून प्रार्थना केली. प्रार्थना संपली. बाई डोळे उघडून तिच्याकडं बघत थांबल्या.

"आमेन," बेबीनंदाबाई म्हणाली.