पहिली बादली

यंत्रातून पडणारी पहिली बादली आपल्याच गोठ्यात जायची, हा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे दादांचा, कायदा. "आधी आपली गाय खाईल, मग गिऱ्हाईकाची," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. लोक त्यांच्या पेंडीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचे तो त्यामुळेच. कायदा चांगला होता, आम्ही नुसती पेंड विकत होतो तोवर.

त्या सकाळी आम्ही नवा खुराक काढत होतो. मक्याचं पीठ आणि युरिया एकत्र करून यंत्रात दाबून शिजवायचा. नीट शिजला की युरिया पिठात अडकून बसतो, गायीच्या पोटात सावकाश सुटतो आणि तिथले जंतू त्याची प्रथिनं करतात. कच्चा राहिला तर एकदम सुटतो आणि विष होतो. यंत्र तापेपर्यंत पडणारा माल कच्चाच असतो, म्हणून तो परत वर हॉपरमध्ये, म्हणजे पीठ सोडायच्या तोंडात, ओतायचा. कामगारांना मी हे बजावलं होतं. दादांना सांगायचं काम आमच्या ह्यांनी अंगावर घेतलं होतं. "वडिलांशी मी बोलतो, तू मध्ये पडू नकोस," असं छाती काढून म्हणाले होते.

मी वरून पीठ सोडून खाली आले, तर माल पडतो तिथं बादली नव्हती.

"पहिला माल कुठंय?"

"दादा घेऊन गेले, नेहमीसारखे. त्यांना मी कसा अडवणार?" यंत्रावरचा कामगार म्हणाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे यंत्राच्या काट्याकडे बघायला लागले.

"तुम्ही सांगितलं होतंत ना?"

"सांगणारच होतो."

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलत बोलतच गोठ्याकडे धावले.

दादा त्यांच्या लाडक्या गायीची मान खाजवत होते. तिला आम्ही सगळे बाईसाहेब म्हणायचो, आणि तिचे दिवस भरत आले होते. बादली अर्धी रिकामी होती.

"बघ, कशी चाटूनपुसून खातेय," दादा कौतुकानं म्हणाले.

मी बादली हिसकावली. "दादा, हा माल कच्चा आहे! विष आहे हे!"

"डोकं फिरलंय का तुझं? मी कधी माझ्या जनावराला..." दादांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. बाईसाहेबांच्या कातडीवर थरथर उठली होती. थोड्याच वेळात तोंडाला फेस आला, डावी कूस टम्म फुगली आणि पुढचे पाय दुमडले.

गुरांचे डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "व्हिनेगर आणि गार पाणी तयार ठेवा. मी निघालो." युरिया बाधलाच तर उतारा म्हणून व्हिनेगरचे कॅन मी आधीच आणून ठेवले होते. तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, लोणच्याचा कारखाना काढतेस का म्हणून. आता तेच कॅन हे धावत धावत आणत होते. मला रडू येत होतं आणि ह्यांची मानगूट धरावीशी वाटत होती, दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी नळी घातली. आम्ही ओतत राहिलो. बाईसाहेबांचे डोळे वर गेले होते. दादा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "माझ्या हातचं खाल्लं गं तू," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला ते ऐकवेना. डॉक्टर कुशीवर कान ठेवायचे आणि नकारार्थी मान हलवायचे.

मग बाईसाहेबांनी एक ढेकर दिली. एवढी मोठी की डॉक्टर मागे सरकले.

"पोट चालू झालं," ते म्हणाले. पोटावर हात फिरवून थांबले, पुन्हा फिरवला. "वासरूही हलतंय."

मी रिकामे कॅन गोळा करायला लागले. दादांनी मात्र मुलाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा कायदा... तुम्ही चिडला असता."

"भीती वाटली? माझी?"

दादांनी बाईसाहेबांचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं आणि ते घरात गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं तेव्हा दादा रिकामी बादली घेऊन हजर. कामगार माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तर दादांनी हातानंच गप्प केलं. बादली भरली. त्यांनी ती उचलली आणि गोठ्याच्या दारापर्यंत सावकाश चालत गेले.

"दादा," हे पुटपुटले. "ती परत ओता."

दादा थांबले, पण वळले नाहीत.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही."